तार बरी की टॉवर बरा?

मैत्रिणींनो, रविवारची जेवणं आटोपलेली असतात. सुपारी कातरता कातरता तुमचे यजमान हळूच विषय काढतात, "अगं, आपल्या गावात इंटरनेटची किती ओरड आहे! आपणच का सुरू करू नये? गच्चीवर एक टॉवर उभा केला की झालं. खोदाई नको, वायर नको. भांडवल तेवढं थोडं कमी पडतंय..." आणि बोलता बोलता त्यांची नजर तुमच्या हातातल्या पाटल्यांकडे जाते.

अशा वेळी तुम्ही काय म्हणाल? "मला मेलीला त्यातलं काय कळतंय!" म्हणून पाटल्या काढून द्याल, की "नसते उद्योग नकोत" म्हणून विषयच तोडाल? माझं ऐकाल तर दोन्ही करू नका. आधी हा धंदा काय आहे ते समजून घ्या. केबल टीव्हीचा धंदा करणाऱ्या कितीतरी घरांनी गेल्या काही वर्षांत इंटरनेट द्यायला सुरुवात केली आहे. अशा घरांत वसुलीची वही आणि तक्रारीचे फोन बहुधा घरची बाईच सांभाळते. मग धंद्याचा पाया कशाचा घालायचा, हे ठरवताना तिनं मुकं का बसावं?

मुख्य प्रश्न एकच आहे. इंटरनेट घरोघरी पोचवायचं कशानं? हवेतून, म्हणजे वायरलेसनं, की काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरनं?

एका शेतकऱ्याच्या बायकोची गोष्ट

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशर नावाचा परगणा आहे. तिथल्या एका खेड्यातल्या ख्रिस कॉन्डर या शेतकऱ्याच्या पत्नी. त्या भागात इंटरनेट धड मिळत नव्हतं. लँकेस्टर विद्यापीठानं उभ्या केलेल्या वायरलेसच्या खांबावर शेजारपाजारच्या शेतघरांची भिस्त होती. काही दिवस बरं चाललं. पण शेजारचं शेतघर आणि तो खांब यांच्या मध्ये झाडं होती. ती वाढत वाढत इतकी उंच झाली, की शेजाऱ्यांचं इंटरनेट बंद पडलं.

आता करायचं काय? झाडं तोडायची? कंपन्यांच्या दारात खेटे घालायचे? बाईंनी एक किलोमीटर फायबरची केबल विकत आणली, घरचा ट्रॅक्टर बाहेर काढला आणि शेतातून चर खणून ती पुरून टाकली. तीन दिवसांचं कष्टाचं काम होतं, पण दोन्ही घरं जोडली गेली. झाडं आता हवी तेवढी वाढोत!

पुढे 2011 साली त्या भागातल्या लोकांनी मिळून 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ' नावाची संस्था काढली. थोडक्यात तिला 'बी-फोर-आर-एन' म्हणतात. नेटवर्कची आखणी लँकेस्टर विद्यापीठात काम केलेल्या बॅरी फोर्ड यांनी केली. महिना 30 पौंडांत सेकंदाला 1000 मेगाबिट वेगाचं इंटरनेट ही संस्था खेड्यातल्या घरांना देऊ लागली. त्या काळी मोठ्या शहरांतही एवढा वेग सहसा मिळत नसे. 2015 साली कॉन्डरबाईंना राणीकडून 'एम.बी.ई.' हा किताब मिळाला.

या गोष्टीत आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं हिशेबाच्या वहीत आहे. तिकडे वळण्याआधी दोन्ही पद्धती नीट पाहू या.

टॉवरची तऱ्हा

वायरलेसमध्ये उंच जागी एक खांब उभा करतात आणि त्यावर यंत्र बसवतात. गिऱ्हाइकाच्या गच्चीवर एक छोटी थाळी लावायची आणि तिचं तोंड खांबाकडे करायचं. आज थाळी लावली, संध्याकाळी इंटरनेट सुरू. पैसेही लगेच येऊ लागतात. गिऱ्हाईक सोडून गेलं तर थाळी उतरवून दुसरीकडे लावता येते. हे फायदे खरे आहेत, ते नाकारायचं कारण नाही.

पण थाळीला खांब दिसायला हवा, बरं का! नुसता दिसूनही भागत नाही, दोघांच्या मधल्या रेषेभोवती बरीच जागा मोकळी लागते. गच्चीवरच्या यंत्रांच्या लहरी बहुतेक 5 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात. त्यांचं पावसानं फारसं बिघडत नाही, पण पानांपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. त्यातून पानं ओली असली तर विचारूच नका. मे महिन्यात झकास चाललेली जोडणी आषाढात रुसते, ती बहुधा यामुळे. मधल्या कुणी घरावर मजला चढवला, तरी तीच गत.

दुसरी अडचण गर्दीची. या लहरींपैकी ठरावीक पट्ट्यांना भारतात वेगळा परवाना लागत नाही, आणि 2018 साली ही मोकळीक आणखी वाढवण्यात आली. पण जे आपल्याला मोकळं, ते शेजाऱ्यालाही मोकळं. त्यानंही टॉवर उभा केला तर दोघांचा कलकलाट हवेत एकत्र होतो. शिवाय एका खांबावरचा वेग सगळ्या घरांत वाटला जातो. चाळीतल्या सामाईक नळासारखंच ते. दुपारी धो धो पाणी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी बादल्या लावल्या की करंगळीएवढी धार!

तिसरी गोष्ट, खांबावरच्या यंत्राला वीज लागते. म्हणजे बॅटरी आली, वीज पडू नये म्हणून बंदोबस्त आला, आणि वादळी रात्री वर चढणारा माणूस आला. तो माणूस तुमचाच मुलगा किंवा दीर असेल, हेही ध्यानात असू द्या.

काचेच्या तारेची तऱ्हा

फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्याची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे 125 मायक्रॉन. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. म्हणून लांबच्या खांबाजवळ पडलेली वीज नुसत्या काचेतून घरात येत नाही, झाडांची अडचण नाही, शेजाऱ्याच्या टॉवरशी भांडण नाही. घरोघरी देताना एकाच धाग्यातला उजेड वाटेत एका छोट्या डबीतून 32 किंवा 64 घरांना वाटता येतो, आणि त्या डबीला वीज अजिबात लागत नाही. मुख्य केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंतही हा उजेड पोचतो.

सर्वांत मोठा गुण पुढेच आहे. उद्या जास्त वेग द्यायचा झाला, तर फक्त दोन टोकांची यंत्रं बदलायची, मधली काच तीच राहते. टॉवरवरची यंत्रं उन्हापावसात राहतात आणि काही वर्षांनी बदलावी लागतात. पुरलेली काच नीट जपली तर वर्षानुवर्षं चालते.

मग सगळेच फायबर का टाकत नाहीत? कारण पैसा काचेला लागत नाही, तो खोदाईला लागतो. रस्ता खणायचा तर नगरपालिकेची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. खांबावरून न्यायची तर खांबाच्या मालकाची परवानगी. आणि टाकल्यावरही वैरी आहेतच. जेसीबीचा एक फटका, किंवा उंदराचे दात, की गल्लीच्या गल्ली बंद. तुटलेली टोकं विजेच्या ठिणगीनं वितळवून सांधणारं यंत्र लागतं, ते चालवणारा सफाईदार हात लागतो. तार कुठे तुटली आहे, हे उजेड सोडून मीटरच्या हिशेबात सांगणारं उपकरणही मिळतं.

खोदाईचा खर्च त्यांनी कसा वाचवला?

लँकेशरच्या मंडळींची खरी हुशारी इथे आहे. त्यांनी डांबरी रस्ते टाळले आणि शेतांमधून नळ्या नेल्या. जमीनमालकांनी आपल्या शेतातून वाट फुकट दिली. गावकऱ्यांनी स्वतः चर खणले, नळ्या टाकल्या आणि हवेच्या दाबानं त्यांतून फायबर पुढे ढकललं. काच सांधण्याचं कामही साध्यासुध्या माणसांनी शिकून घेतलं. भांडवलासाठी गावकऱ्यांनी भाग विकत घेतले, आणि ज्यांनी घाम गाळला त्यांना कामाच्या मोबदल्यातही भाग मिळाले. कुणाचे भाग कितीही असोत, मत मात्र प्रत्येकाला एकच.

हे वाचताना आपल्याकडच्या सहकारी संस्था आठवतात की नाही? 1959 साली गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातूनच 'लिज्जत' उभं राहिलं. पैसा कमी असला तर श्रम आणि शेजारधर्म हेही भांडवलच असतं. मात्र आपल्या शहरगावात मोकळी शेतं कमी आणि डांबर जास्त, म्हणून त्यांचा हिशेब जसाच्या तसा आपल्याला लागू होणार नाही.

मग टॉवर टाकाऊच का?

तसं मुळीच नाही. नदीपलीकडे किंवा डोंगरावर पाचदहा घरांची वाडी असेल, तर तिथवर खोदाई करून पैसे कधी निघणार? तिथे वायरलेसच शहाणपणाचं. आपल्याच पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीनं सात गावांत असा प्रयोग केला. टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून त्यांनी इंटरनेट पोचवलं. या लहरी झाडाझुडपांतून जास्त चांगल्या जातात. 'ग्राममार्ग' नावाच्या या प्रकल्पाला 2017 साली मोझिलाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं.

म्हणून मला वाटतं, दाट वस्तीत तार आणि विरळ वाडीला टॉवर, हाच संसारी माणसाचा मार्ग. टॉवरवर धंदा सुरू करायला हरकत नाही. पण वाडीत घरं वाढली की तिथेही तार न्यायची, हे पहिल्या दिवसापासून मनाशी धरा आणि त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाका.

पाटल्या काढण्यापूर्वी

एक वही घ्या. डाव्या पानावर एकदाच होणारा खर्च लिहा आणि उजव्या पानावर दरमहाचा. घाऊक इंटरनेट विकत घ्यायचे पैसे, वीज, पगार, दुरुस्ती, बॅटऱ्या हे सगळं उजवीकडे. टॉवरचं डावं पान रिकामं रिकामं दिसेल, फायबरचं उजवं. एका वर्षाचा हिशेब केलात तर टॉवर जिंकेल. तोच पाच वर्षांचा करा आणि मग बघा. त्याबरोबर यजमानांना हे प्रश्न विचारा.

1. परवान्याचं काय? परवाना स्वतःचा काढायचा, की परवाना असलेल्या कंपनीचे भागीदार व्हायचं? भागीदारीचा करार लेखी आहे ना?

2. शंभर मीटर तारेत किती घरं येतात? घरं जवळ जवळ असतील तर खोदाईचा खर्च वाटला जातो.

3. गिऱ्हाइकाच्या पैशांतला 18 टक्के जीएसटी वेगळा काढला का? तो आपला नव्हे. तो घरखर्चात गेला, की वर्षअखेर डोळ्यांत पाणी!

4. रात्री अकरा वाजता तार तुटली तर कोण जाणार? उत्तरात एकाच माणसाचं नाव येत असेल, तर धंदा अजून तयार नाही.

5. घाऊक इंटरनेटची वाट एकच आहे की दोन? एकच असेल तर ती तुटल्यावर सगळ्या गावाच्या शिव्या तुम्हाला खाव्या लागतील.

आणि धंदा न करणाऱ्या मैत्रिणींसाठीही दोन शब्द. तुमच्या घरात फायबर असेल तर जळमटं काढताना ती बारीक वायर ओढू नका, तिला करकचून मुरड घालू नका. आत काच आहे. सुटलेल्या टोकात डोकावून पाहू नका, तो उजेड डोळ्यांना दिसत नसला तरी घातक असू शकतो. डबीवर 'एल-ओ-एस' लिहिलेला लाल दिवा लागला, तर उजेड पोचत नाही असं समजा आणि फोन करताना तेवढं एकच वाक्य सांगा. समोरच्याचं निम्मं काम होईल.

हिशेब पटला तर पाटल्या जरूर द्या, त्यात कमीपणा नाही. मात्र देताना भागीदारीच्या कागदावर तुमचंही नाव घाला. कॉन्डरबाईंनी तीन दिवस चर खणला. आपल्याला निदान एक दुपार वही घेऊन बसायला काय हरकत आहे?