बिननावाच्या नावेचे नाव

छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. इथल्या मुलांची पाण्याशी ओळख होते ती पाणचक्कीच्या हौदाशी, फार तर पैठणच्या नाथसागराशी. पण जहाजांचे वेड काही किनारा पाहून जडत नाही. असे वेड असलेल्या माणसाच्या हाती भंगाराच्या ढिगात किंवा कुणाच्या माळ्यावर कधी तरी घबाड लागते. दोन हात लांबीचे, फायबरग्लासचे, पोकळ कवच! पंखा नाही, सुकाणू नाही, नकाशा तर नाहीच. पाणबुडीचे आहे, एवढे मात्र कळते. विकणारा बेधडक सांगतो, ‘घ्या साहेब, कलवरी आहे!’

आता ‘कलवरी’ म्हणजे नेमकी कोणती? पहिली ‘कलवरी’ सोव्हिएत बनावटीची. ८ डिसेंबर १९६७ रोजी ती आपल्या नौदलात आली आणि तो दिवस पुढे पाणबुडी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. दुसरी ‘कलवरी’ फ्रेंच आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. थळजवळच्या समुद्रातल्या दुर्गाचे नाव मिरवणारी ‘खांदेरी’ही अशीच दोनदा आली, १९६८ मध्ये आणि २०१९ मध्ये. नाव तेच, अंगकाठी मात्र सर्वस्वी वेगळी. म्हणूनच सांगणाऱ्याच्या तोंडावर न जाता आधी मोजपट्टी काढावी.

कवचाची लांबी मोजा. मग सर्वांत फुगीर ठिकाणची रुंदी मोजा, आणि लांबीला रुंदीने भागा. कवच कितव्या मापात घडवले आहे हे ठाऊक नसले तरी हा भागाकार बदलत नाही. आपल्या नौदलाने चालवलेल्या डिझेल-विजेरी पाणबुड्यांचे घाट मुख्यतः चार. पहिल्या कलवरीचा ‘फॉक्स्ट्रॉट’ घाट ९१.३ मीटर लांब आणि ७.५ मीटर रुंद, म्हणजे भागाकार १२. नव्या कलवरीचा ‘स्कॉर्पीन’ घाट ६७.५ बाय ६.२ मीटर, भागाकार जवळजवळ ११. जर्मन आराखड्याची ‘शिशुमार’ ६४.४ बाय ६.५, भागाकार १०. आणि रशियन ‘सिंधुघोष’ ७२.६ बाय ९.९, भागाकार सात-सव्वासात. नुसत्या लांबीवर विसंबलात तर फसाल. १:७२ या मापातली सिंधुघोष सुमारे १०१ सेंटिमीटर भरते आणि १:९६ मापातली फॉक्स्ट्रॉट ९५. दोन्ही दिसायला ‘तीन फुटी’च, पण एक जवळजवळ चौदा सेंटिमीटर रुंद आणि दुसरी जेमतेम आठ.

हाताने केलेल्या साच्यात माप थोडे इकडेतिकडे होतेच. दहा आणि अकरा यांतला निवाडा नुसत्या भागाकाराने करू नये. मग साक्षीला इतर खुणा घ्याव्यात. शेपटाकडे पंख्याच्या दांड्यासाठी जागा किती? तीन असतील तर फॉक्स्ट्रॉट. बाकीच्या तिघींना एकच पंखा. नाळ जहाजासारखी पुढे आलेली आणि पाठ सपाट आहे की सगळे अंग पाण्याच्या थेंबासारखे गोल? पाठीवरच्या मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना आडवे पंख बसवायची जागा दिसली तर स्कॉर्पीनकडे बोट दाखवावे. चारांपैकी काहीच जुळले नाही तर पाणबुडी परक्या नौदलाची असेल. तेव्हाही शोधायची रीत हीच. फॉक्स्ट्रॉट प्रत्यक्ष पाहायची असेल तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ उभी आहे. २००१ मध्ये निवृत्त झालेली ही पाणबुडी २००२ पासून संग्रहालय आहे. घरातल्यांना घेऊन जावे असे ते ठिकाण.

ओळख पटेपर्यंत कवचाला करवत लावू नये. आपल्या आया-आज्या मडके वाजवून घेत, तसे नाण्याने सगळीकडे टिचक्या मारत जावे. आवाज खणखणीत आला तर कवच धड. बद्द आला तर आतले थर सुटलेले. तिथे घासून नवे कापड आणि इपॉक्सी रेझिन लावावे. जुने कवच पॉलिएस्टरचे असले तरी इपॉक्सी त्यावर धरते. उलट, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरी रेझिन-हार्डनर हे शब्द नवे नाहीत. पण फायबरची धूळ फुप्फुसांना आणि कातडीला वाईट. घासकाम अंगणात, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालूनच करावे. लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

आता बांधणी. पुष्कळांचा समज असा, की सगळे कवच पाणबंद करायचे. त्याची गरज नाही. कवचात पाणी खुशाल शिरू द्यावे. मोटार, बॅटरी आणि रिसीव्हर एका बंद नळीत ठेवावेत. इथेच ओळखीची किंमत कळते. आपल्या बाजारात सहज मिळणारा ९० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सिंधुघोषच्या पोटात आरामात बसतो, त्या फॉक्स्ट्रॉटच्या पोटात मावतच नाही. चाळीस सेंटिमीटरचा असा पाइप सुमारे अडीच लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे आतल्या सामानासकट त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास आणायचे. शिसे तळाशी, फोम वर. नाही तर पाणबुडी कूस पालटते. पहिल्या खेपेला पाणी भरायच्या टाकीच्या भानगडीत पडू नये. किंचित तरंगती ठेवावी आणि आडव्या पंखांच्या जोरावर बुडवावी. पंखा थांबला की ती आपसूक वर येते. आजकालचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट पाण्याखाली मुके होतात, हेही ध्यानात असू द्यावे. जुन्या मेगाहर्ट्झ पट्ट्यातले रिमोट गोड्या पाण्यात काही खोलीपर्यंत ऐकू येतात.

चाचणीसाठी सलीम अली सरोवर नको. ते पक्ष्यांचे घर आहे. पिण्याचा हौदही नको. पाणी मोजून वापरणाऱ्या या शहरात एखादी जुनी टाकी भरावी आणि नंतर ते पाणी झाडांना घालावे.

रंग झाल्यावर मुले विचारतील, ‘नाव काय लिहायचे?’ भागाकार सात-सव्वासात निघाला असेल तर त्याच घाटाच्या ‘सिंधुरक्षक’चे नावही पुढे येईल. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन ती बुडाली आणि आतले अठराही नौसैनिक गेले. ते नाव लिहायचे की नाही, हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. लिहायचे ठरले, तर ब्रश हातात घेण्याआधी त्या अठरा जणांची गोष्ट मुलांना सांगावी.