सोंगटीला हात लावण्याआधी...

विश्वनाथन आनंदपासून डी. गुकेशपर्यंत चेन्नईने देशाला एकापेक्षा एक बुद्धिबळपटू दिले. तिथल्या घराघरांत आणि शिकवणीच्या वर्गांत नेमके काय चालते?

चेन्नईचे ग्रँडमास्टर विष्णू प्रसन्ना यांच्याकडे २०१७ साली एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा शिकू लागला. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता आणि लवकरात लवकर ग्रँडमास्टर व्हायचे हे त्याच्या मनाने घेतले होते. अशा मुलाच्या बाबतीत प्रसन्ना यांनी एक निर्णय घेतला. या मुलाने संगणकाची मदत घ्यायची नाही!

ज्यांचा बुद्धिबळाशी संबंध मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या घरी मांडलेल्या पटापुरता आहे, त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण आजच्या स्पर्धांच्या जगात ही गोष्ट जवळजवळ वेडेपणाची होती. १९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला हरवले, त्यानंतर यंत्रे पुढेच जात राहिली. आता खिशातल्या मोबाइलवरचा प्रोग्रॅमही जगज्जेत्यापेक्षा सरस खेळतो. कुठलीही स्थिती मांडा, सर्वांत चांगली खेळी तो क्षणात दाखवतो. बरोबरीची मुले रोज त्याच्यासमोर बसत होती. प्रसन्ना यांचे म्हणणे वेगळे होते. उत्तर आयते मिळाले की मुलाला उत्तर कळते, पण ते शोधायचे कसे हे कळत नाही. आणि स्पर्धेच्या टेबलावर मोबाइल नसतो.

तो मुलगा म्हणजे डी. गुकेश. त्याच्या आईवडिलांनी जे पणाला लावले होते ते पाहिले, की या निर्णयाचे वजन कळते. वडील रजनीकांत कान-नाक-घशाचे शल्यविशारद. मुलाबरोबर गावोगावच्या आणि परदेशातल्या स्पर्धांना जाता यावे म्हणून त्यांनी आपला व्यवसाय थांबवला. घर आई पद्माकुमारी यांच्या नोकरीवर चालू लागले. चौथीनंतर मुलाची नियमित शाळाही सुटली. स्पर्धांच्या खर्चासाठी कुटुंबाच्या स्नेह्यांनी हात दिला. अशा घरात प्रशिक्षकाचा प्रयोग फसला असता तर? गेलेली वर्षे कोण परत देणार होते?

प्रयोग फसला नाही. ग्रँडमास्टर होण्यासाठी अडीच हजारांचे गुणांकन लागते. त्या मजलेच्या आसपास पोहोचेपर्यंत गुकेशने यंत्राचा आधार घेतला नाही. जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या १२ वर्षे ७ महिने १७ दिवसांत तो ग्रँडमास्टर झाला. सर्वांत लहान ग्रँडमास्टरचा जागतिक विक्रम तेवढा सतरा दिवसांनी हुकला.

आई, टीव्ही आणि पुस्तकांची लूट

चेन्नईत बुद्धिबळ रुजले ते मात्र संगणकाच्या कितीतरी आधी. मॅन्युएल अ‍ॅरन १९६१ साली भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले. नऊ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या अ‍ॅरन यांच्या पुढाकाराने तेव्हाच्या मद्रासमधल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ‘ताल चेस क्लब’ उभा राहिला. मिखाइल ताल हा रशियनांचा लाडका जगज्जेता, त्याचेच नाव क्लबला दिले. रशियन पुस्तके, मासिके आणि खेळायला माणसे, तिन्ही एका छताखाली!

याच क्लबात लहानगा विश्वनाथन आनंद येऊ लागला. सहाव्या वर्षी त्याला पट शिकवला तो आई सुशीला यांनी. वडील रेल्वेतले अधिकारी. त्यांच्या कामामुळे हे कुटुंब काही काळ फिलिपाइन्सला, मनिलात राहिले. तिथल्या टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे, शेवटी एक कोडे दिले जाई. मुलगा त्या वेळी शाळेत. मग आई टीव्हीसमोर वही घेऊन बसायची, डाव आणि कोडे उतरवून घ्यायची. संध्याकाळी मायलेक मिळून ते सोडवायचे आणि उत्तर पाठवून द्यायचे. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. आनंदने इतकी पुस्तके जिंकली, की शेवटी कार्यक्रमवाल्यांनी त्याला सांगितले, हवी तेवढी पुस्तके घेऊन जा, पण आता उत्तरे पाठवू नकोस!

इथे कुणी म्हणेल, आनंद तर विजेच्या वेगाने खेळायचा, मग संथ खेळाचे कौतुक कशाला? खरे आहे. ताल क्लबात पाच मिनिटांचे डाव चालत. जिंकणारा टेबलावर बसून राहणार, हरणारा उठणार, असा नियम होता. आनंदचा वेग तिथे वाढला. पण त्या वेगाच्या खाली वहीत उतरवलेली कोडी होती, आईबरोबर डोके खाजवत घालवलेल्या संध्याकाळी होत्या. पाया नुसत्या वेगाने भरला जात नाही. १९८८ साली आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला.

हात मांडीवर, डोळे पटावर

चेन्नईचे दुसरे नावाजलेले गुरू म्हणजे आर. बी. रमेश. स्वतः ग्रँडमास्टर, २००२ सालचे ब्रिटिश विजेते. तेल कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी २००८ मध्ये पत्नी आरती रामस्वामी यांच्यासह ‘चेस गुरुकुल’ सुरू केले. आर. प्रज्ञानंद आणि त्याची थोरली बहीण वैशाली ही त्यांचीच शिष्य मंडळी. मुलीचे टीव्हीवरचे कार्टून पाहणे कमी व्हावे म्हणून आईवडिलांनी वैशालीला पटाकडे वळवले. तिचे पाहून धाकटा भाऊ बसू लागला आणि पुढे दोघेही ग्रँडमास्टर झाले! आई नागलक्ष्मी परदेशातही मुलांना रसम-भात करून घालणारी. मुले पटावर लढत असताना ती कोपऱ्यात शांतपणे बसलेली असते.

रमेश यांच्या शिकवणीत भर असतो मनातल्या मनात करायच्या गणितावर. एखादी अवघड स्थिती समोर ठेवायची आणि सोंगट्या न हलवता शेवटपर्यंत पाहायचे. मी ही खेळी केली तर समोरचा काय करील? त्याच्यापुढे तीन वाटा असतील तर प्रत्येकीचा शेवट कुठे होतो? ऐकायला सोपे वाटते. करून पाहावे! तिसऱ्या-चौथ्या खेळीला उंट मूळ घरात होता की हललेला, हेच आठवेनासे होते. मग पुन्हा पहिल्यापासून. एकेका कोड्यावर अर्धा-पाऊण तास जातो. रमेश यांनी या विषयावर २०२२ साली एक जाडजूड पुस्तकही लिहिले.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांनी अशीच आयुष्यभर मुले घडवली. भाग्यश्री साठे-ठिपसे त्यातल्याच. आणि २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखलाही काही काळ चेन्नईच्या श्रीनाथ नारायणन यांचे मार्गदर्शन मिळाले होते.

तीन मिनिटांचा डाव, तीन तासांचा डाव

सगळ्यांच्या घरात गुकेश जन्मत नाही, जन्मावा असेही नाही. पण मूल मोबाइलवर तासाभरात तीन-तीन मिनिटांचे दहा डाव खेळते आणि वर्षभर आहे तिथेच राहते, ही तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. कारण साधे आहे. तीन मिनिटांत विचार करायला वेळच नसतो. हाताला जी सवय लागली आहे तीच खेळी पुन्हा होते, चुकीची असली तरी. हरले की बटण दाबून पुढचा डाव!

आठवड्यातून एकच डाव खेळावा, पण तासा-दीड तासाचा, खऱ्या पटावर. प्रत्येक खेळी वहीत लिहावी. मोठ्या स्पर्धांत ती लिहावीच लागते. डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा मांडावा. कुठे शंका आली होती, कुठे घाई झाली, समोरच्याची कोणती धमकी दिसलीच नाही, हे आधी स्वतः शोधावे. संगणकाला विचारायचेच तर त्यानंतर. आणि सुरुवातीच्या खेळी पाठ करण्यापेक्षा शेवटाकडचा खेळ आधी शिकावा. क्युबाचा जगज्जेता कापाब्लांका याने १९२१ साली लिहिलेले पुस्तक सुरू होते तेच मुळी साध्या मातींपासून आणि मोजक्या सोंगट्यांच्या स्थितींपासून. राजा आणि एक प्यादे विरुद्ध राजा, एवढे जरी नीट कळले तरी हातून निसटणारे कितीतरी डाव वाचतात.

प्रशिक्षक कसा निवडावा? मूल हरल्यावर तो काय करतो ते पाहावे. हरलेला डाव जो मुलाजवळ बसून शांतपणे उलगडतो, तो चांगला. चषकांची रांग दाखवणाऱ्यापेक्षा नक्कीच.

शिवाय हा खेळ वयाला लवकर दाद देत नाही. व्हिक्टर कोर्चनॉय याने जानेवारी २०११ मध्ये जिब्राल्टरच्या स्पर्धेत फाबियानो कारुआना या अठरा वर्षांच्या बड्या ग्रँडमास्टरला हरवले. कोर्चनॉय तेव्हा ७९ वर्षांचा होता! त्याच वर्षी, ऐंशी पार केल्यावर, तो स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय विजेताही झाला. अ‍ॅरन यांनी पंचाहत्तरी उलटल्यावर विजय पंडित यांच्यासह भारतीय बुद्धिबळाचा इतिहास लिहून काढला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पंचावन्नावी खेळी

गुकेशची वाट सरळ नव्हती. २०२२ च्या ऑलिंपियाडमध्ये, घरच्या अंगणात, मामल्लपुरमला, त्याने पहिले आठही डाव जिंकले. आणि शेवटून दुसऱ्या फेरीत उझबेकिस्तानच्या अब्दुसत्तारोवविरुद्ध जिंकत आणलेला डाव घालवला. भारताच्या दुसऱ्या संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. दोन वर्षांनी बुडापेस्टला भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा पहिल्या पटावर तोच होता.

मग आला १२ डिसेंबर २०२४. सिंगापूर. जगज्जेता चीनचा डिंग लिरेन आणि गुकेश यांचे साडेसहा-साडेसहा गुण झालेले, हा चौदावा आणि शेवटचा डाव. पहिल्या चाळीस खेळ्यांना प्रत्येकी दोन तास देणारा संथ प्रकार. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशचे फक्त एक प्यादे जास्त. डाव बरोबरीत सुटणार आणि दुसऱ्या दिवशी जलद डावांवर निकाल लागणार, असे बहुतेकांनी धरले होते. गुकेश मात्र बरोबरी न मानता डिंगला प्रश्न घालत राहिला.

पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती हलवला आणि हत्तींची अदलाबदल पुढे केली. वरकरणी साधी खेळी. गुकेशने नंतर सांगितले, की त्यालाही ती चूक आहे हे चटकन कळले नव्हते. तो आपली ठरलेली खेळी करण्याच्या बेतात होता. पण हात पुढे जाण्याआधी त्याने पुन्हा पाहिले. हत्ती मारायचा. त्याच्यामागून उंटही पटावरून जाणार. उरणार फक्त राजे आणि प्यादी. आणि मग ते एक जास्तीचे प्यादे अडवणे कुणाच्याच हातात नव्हते.

तीन खेळ्यांनंतर डिंगने हार मानली. २०१३ मध्ये आनंद आणि कार्लसन यांची जगज्जेतेपदाची लढत चेन्नईत झाली, तेव्हा सात वर्षांचा गुकेश प्रेक्षकांत बसून त्या काचेच्या खोलीकडे पाहत होता. आता तसल्याच खोलीत अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते. तशाच अवस्थेत त्याने पटावरच्या सगळ्या सोंगट्या एकेक करून पुन्हा आपापल्या घरी मांडल्या आणि मग तो वडिलांना भेटायला बाहेर गेला.