व्ह्यू-मास्टरची जादू दोन डोळ्यांची
दुर्बिणीसारखा डोळ्यांना लावायचा, उजेडाकडे तोंड करायचं आणि खटका दाबायचा, की पुढचं चित्र हजर! १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आलेला व्ह्यू-मास्टर आणि त्याच्या गोल चकत्या आज अनेक जण हौसेने जमवतात.

यातली चित्रं इतकी उठून का दिसतात? आपल्या दोन डोळ्यांमध्ये सुमारे ६ सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरची वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते. मेंदू या दोन प्रतिमा एकत्र करतो आणि त्यांच्यातल्या फरकावरून जवळ काय, लांब काय हे ताडतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८मध्ये हे दाखवून दिलं. म्हणूनच चकतीवर चित्रं १४, पण दृश्यं ७. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र. पुढे डेव्हिड बॅसेट या शरीररचनातज्ज्ञांनी याच चकत्यांवर मानवी शरीराचा अ‍ॅटलास तयार केला.

मात्र ही जादू सगळ्यांना दिसत नाही. डोळ्यांत तिरळेपणा असेल किंवा एक डोळा ‘आळशी’ असेल, तर चित्र सपाट दिसू शकतं. दुसऱ्या डोळ्याने काम भागत असल्याने मूल तक्रारही करत नाही. तेव्हा कपाटातला जुना व्ह्यू-मास्टर नातवंडाच्या हाती दिल्यावर ते ‘यात विशेष काय?’ म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका. खेळण्यावरून निदान होत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे जायला हवं. आळशी डोळ्यावर जितक्या लहान वयात उपचार होतील, तितका गुण चांगला येतो.