ढब्बू पैशाचा खरा रंग

दिवाळीआधी तांब्यापितळेची भांडी चिंच-मिठाने घासायला निघाली, की देव्हाऱ्यातले जुने पैसेही त्यांच्याबरोबर न्हाऊन निघतात. गावाकडून कोपरखैरण्यात आलेल्या घरांतही पणजोबांच्या वेळचा ढब्बू पैसा किंवा व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा निघतो. नशीब जोरावर असेल तर एखादी शिवराईसुद्धा. भाविकाला तो लखलखीत हवा असतो. संग्राहक मात्र तोच पैसा हातात घेऊन विचारतो, "घासलाय का?"

ताजं तांबं गुलाबीसर केशरी असतं. हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर आधी तांबूस-तपकिरी थर बसतो आणि वर्षानुवर्षं तो गडद होत जातो. जमिनीत पुरलेल्या नाण्यावर हिरवा कार्बोनेटचा थरही येतो. चिंचेतलं टार्टारिक आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल हे थर विरघळवतं व खालचा उघडा धातू वर आणतं. काही दिवसांनी तोही काळवंडतो, पण सगळीकडे सारखाच, जणू कुणी रंगाचा हात फिरवलाय!

म्हणून नुसता रंग पाहून उपयोग नाही. तो कुठे बसलाय ते पाहावं. दहापट भिंगातून राणीचा गाल पाहिला, तर वर्षानुवर्षं हाताळलेल्या नाण्यावर उंचवटे झिजून गुळगुळीत दिसतात आणि खाचा गडद राहतात. घासलेल्या नाण्यावर बारीक, एकाच दिशेचे ओरखडे पृष्ठभागावरून थेट अक्षरांवर चढतात. पाकिटातल्या रोजच्या वापराने पडणारे चरे असे शिस्तीत नसतात. टाकसाळीतून निघून फारसं न वापरलेलं नाणं लालसर राहू शकतं. ते दिव्याखाली फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी चमक सरकते. घासलेल्याची चमक जागची हलत नाही.

शिवराईला ही आऱ्यांची परीक्षा लागू नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असलेलं हे तांब्याचं नाणं हाताने पाडलेलं. छाप अर्धवट, कडा वाकड्या. तिथे अक्षरांच्या कोनाड्यांतला घट्ट मळ पाहावा. अक्षरं काळी आणि मधली जागा गुलाबी, असं असेल तर शंका घ्यावी.

घासलेलं लपवायला गंधकाची संयुगं, उष्णता, अगदी बुटाचं पॉलिशही वापरतात. कृत्रिम रंगात जांभळी-निळी झाक भडक असते आणि ओरखड्यांच्या आतही रंग उतरलेला दिसतो. अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाला पॉलिश लागतं. धातूवर तयार झालेला थर त्याने निघत नाही.

ठाणे खाडीकाठच्या दमट, खारट हवेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. नाण्यावर फिकट हिरवी, नखाने सुटणारी भुकटी दिसली तर तो जुनेपणाचा पुरावा नव्हे. तो क्लोराइडमुळे चालू असलेला गंज असतो आणि ओलावा मिळेल तोवर नाणं आतून खात राहतो. असं नाणं इतरांपासून वेगळं काढून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डबीत ठेवावं. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळलेली बरी, कारण कालांतराने त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याने तांब्यावर चिकट हिरवट थर येतो.

पाहून डोळा तयार करायचा, तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था.