राजापूरचा खासदार आणि कोकणची रेल्वे

कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास महाराष्ट्र सरकारने संमती दिल्यापासून राज्याचे ३९६ कोटी ५४ लाख रुपये परत मिळावेत आणि 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे, ह्या दोन अटींचे पुष्कळ चर्वितचर्वण झाले आहे. परंतु हा लोहमार्ग ज्या संसदीय उद्योगातून निर्माण झाला, त्याचे स्मरण मात्र फारसे कोणी केलेले दिसत नाही.

प्रा. मधू दंडवते हे जन्माने अहमदनगरचे, पेशाने मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे अध्यापक आणि निष्ठेने समाजवादी. बॅ. नाथ पै यांना लागोपाठ तीनदा लोकसभेत धाडणाऱ्या राजापूरने, नाथ पैंच्या निधनानंतर १९७१ मध्ये ह्या घाटावरच्या माणसास आपला म्हटले, आणि १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेत भलेभले वाहून गेले असतानाही त्याची साथ न सोडता, एकूण पाच वेळा त्यालाच दिल्लीस पाठविले.

आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात असलेला हा खासदार १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाला, तेव्हा त्याने केलेल्या कामांपैकी एक प्रस्तुत लेखकास सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या शयनफळीवर घातलेला दोन इंच जाडीचा फोम. तोवर ह्या वर्गाचा उतारू उघड्या लाकडी फळीवर अंगाखाली सतरंजी नाही तर वर्तमानपत्र पसरून, प्रत्येक सांध्यावर बसणारा हिसका हाडांनी मोजीत रात्र काढी. आणि समतेवर व्याख्याने देणारे पुष्कळ असले, तरी तिची जाडी इंचांत ठरवून तिच्यासाठी तरतूद करणारा मंत्री विरळाच. पहिल्या वर्गाची सोय काढून घेण्यापेक्षा दुसऱ्याची वाढवावी, हे त्यांचे धोरण होते. मुंबई-हावडा मार्गावरील वर्गविहीन गीतांजली एक्सप्रेस त्याच वर्षीची, आणि १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा रुजू करून घेण्याचा निर्णयही त्यांचाच.

ह्याच मंत्र्याला आपल्या मतदारसंघापर्यंत रूळ मात्र नेता आले नाहीत! आपटा-रोहा ह्या टप्प्यास त्यांच्या कारकीर्दीत मंजुरी मिळाली खरी, परंतु रोह्यास गाडी पोहोचावयास १९८६ उजाडले. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीतून ठिबकणाऱ्या पैशावर पुढचे सह्याद्रीचे कडे फोडावयाचे, तर दोन पिढ्या खपल्या असत्या. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या मंत्रिमंडळात १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, तेव्हा ह्या अडचणीवर तोड निघाली ती अशी, की केंद्र आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ ही चार राज्ये यांनी भांडवल घालून स्वतंत्र महामंडळ काढावे आणि उरलेला पैसा कर्जरोख्यांद्वारे बाजारातून उभारावा. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, त्याचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचे ७४१ किलोमीटर बांधून काढले, आणि १९९८ मध्ये सबंध मार्ग खुला झाला. पण तत्पूर्वीच, १९९१ मध्ये, राजापूरने दंडवत्यांचा पराभव केला होता. मतदारांची कृतज्ञता ही अशीच असते, आणि लोकशाहीत त्याबद्दल तक्रारीस जागा नाही.

ज्या महामंडळाने ही वाट काढली, तेच पुढे कर्जाच्या ओझ्याने वाकले, आणि दुपदरीकरणासारख्या कामांना लागणारे भांडवल स्वबळावर उभारणे त्यास कठीण झाले; म्हणून विलीनीकरण अपरिहार्य होते, असे आमचेही मत आहे. परंतु त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कोकणचा मार्ग आता पुन्हा त्याच वार्षिक तरतुदीच्या रांगेत उभा राहणार, जिच्यातून सुटका करण्यासाठी दंडवते-फर्नांडिसांनी एवढा खटाटोप केला. शिवाय तेव्हा निदान स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प होता, त्यावर दिवसच्या दिवस चर्चा होई. तो शेवटचा मांडला गेला २०१६ मध्ये, आणि मांडणारे सुरेश प्रभू हेही एके काळी राजापूरचेच खासदार! तो मतदारसंघही २००८ च्या पुनर्रचनेतच नकाशावरून गेला होता.

तेव्हा नाव राखण्याच्या अटीवर संतुष्ट राहण्यात हशील नाही, कारण नावाला सरकारी तिजोरीतून काही द्यावे लागत नाही. दुसऱ्या रुळाला द्यावे लागते. आणि तो आकडा अर्थसंकल्पाच्या कागदांत शोधून, कमी भरल्यास सभागृहात जाब विचारणे, हे काम ह्यापुढे कोकणच्या खासदारांनाच दरसाल करावे लागेल.