अटल सेतू आणि अलिबागचे खरे अंतर

रायगडच्या किनाऱ्यावर घर किंवा बंगल्यासाठी प्लॉट शोधणाऱ्यांना आजकाल हटकून सांगितले जाते की, अटल सेतू झाल्यापासून अलिबाग मुंबईपासून वीस मिनिटांवर आले आहे. हे विधान साफ चुकीचे आहे, आणि लाखो रुपयांचे व्यवहार त्याच्या भरवशावर होत असल्याने ते निरुपद्रवीही नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा सेतू शिवडीहून निघून उरण तालुक्यातील चिर्ले येथे संपतो. त्याची लांबी २१.८ किलोमीटर असून त्यातील सुमारे साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावर आहे. वीस मिनिटे लागतात ती एवढे अंतर कापायला.

चिर्ले आणि अलिबाग यांच्यामध्ये धरमतरची खाडी, म्हणजे अंबा नदीचे रुंद मुख, आडवी येते, त्यामुळे सेतू उतरलेल्या मोटारीला मुंबई-गोवा महामार्ग गाठून पेणमार्गे वडखळपर्यंत जावे लागते आणि तेथून वळून, धरमतरचा पूल ओलांडून, पोयनाड व कार्लेखिंडीच्या रस्त्याने अलिबागेत शिरावे लागते. वडखळ ते अलिबाग हा शेवटचा टप्पाच वीस किलोमीटरहून अधिक आहे, आणि शनिवार-रविवारी तेथे होणारी कोंडी कोणत्याही सागरी सेतूने सुटणारी नाही. सेतूचा लाभ खोटा नाही. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याचा वाशी पूल आणि शीव-पनवेल रस्त्याचा खोळंबा त्याने टळतो, परंतु त्याचे खरे लाभार्थी उलवे, उरण आणि पनवेल आहेत.

वीस मिनिटांच्या दाव्याच्या थोडेफार जवळ नेईल असा दुवा म्हणजे धरमतरच्या खाडीवरचा करंजा-रेवस पूल. तो ज्याचा भाग आहे त्या रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून, म्हणजे १९८० च्या दशकाच्या आरंभापासून, मांडली जात आहे. या पुलाचे काम आता हाती घेण्यात आले असले तरी नियोजित पुलाच्या भरवशावर आजच्या जमिनीला उद्याचा भाव लावणे ही ग्राहकाची सरळ दिशाभूल आहे. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेचेही तसेच, कारण नावात अलिबाग असले तरी तिचा पहिला टप्पा पेण तालुक्यातील बलवलीपर्यंतच आखलेला आहे.

इतर गैरसमज थोडक्यात निपटण्यासारखे आहेत. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे जाणारा लोहमार्ग मालवाहतुकीचा आहे. गेटवे ते मांडवा ही प्रवासी बोट बारमाही नसून पावसाळ्यात बंद असते, तर भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मोटारींसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा पावसाळ्यातही चालते, मात्र हवामान बिघडल्यास फेरी रद्द होऊ शकते. शिवाय मांडव्याला उतरल्यावर अलिबाग आणखी सुमारे वीस किलोमीटर उरते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ रायगड जिल्ह्यात असला तरी तो पनवेलच्या बाजूला आहे, आणि तेथून अलिबागला जाण्यासाठी पुन्हा तोच पेण-वडखळचा रस्ता धरावा लागतो. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या मुरूड आणि श्रीवर्धन यांच्यामध्ये राजपुरीची खाडी आहे, आणि आगरदांडा-दिघी फेरीबोट चुकल्यास लांबचा वळसा पडतो.

परदेशस्थ मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीयांना शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, मग रस्ता कितीही चांगला असो. ज्यांना खरेदी करता येते त्यांनीही इसार देण्यापूर्वी मुंबई ते प्लॉट हा प्रवास एकदा जुलैतील शनिवारी स्वतः करून पाहावा, आणि प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता गाव नकाशावर आहे की नाही हे तलाठ्याकडे तपासून घ्यावे.