मागचा हात

मूल पहिलें पाऊल टाकूं लागलें म्हणजे घरांतील लहानथोर मंडळी हातांतील कामें सोडून भोंवतीं जमतात. आजी टाळ्या वाजविते, काका समोर बसून हात पसरतो, आणि आई मात्र मागें ओणवी होऊन दोन्ही हात तयार ठेविते. पुढून बोलाविणें आणि मागून सांवरणें ह्या दोहोंमध्यें आपल्याकडील मुलें वाढतात. ह्यांपैकीं मागून सांवरणाऱ्या हाताविषयीं चार शब्द लिहिण्याचा आज विचार आहे. निमित्त झाली आहे ती आमच्या अडीच वर्षांच्या नातीची सायकल.

गेल्या दसऱ्यास आमच्या चिरंजीवानें ती घरीं आणिली. दोन लहान चाकें, मूठभर आसन आणि हँडल. पायडल नाहीं, सांखळी नाहीं, आणि लहान मुलांच्या सायकलीस मागें दोहों बाजूंस असतात तीं आधाराचीं चाकेंहि नाहींत. इंग्रजींत हिला बॅलन्स बाईक म्हणतात. आम्ही घरांत तोलगाडी म्हणूं लागलों आहों. आमच्या कुटुंबानें ती उलटसुलट करून पाहिली आणि 'दुकानदारानें अर्धीच गाडी दिली वाटतें!' असा निकाल दिला. 'आई, ती अशीच असते. मूल पायांनीं जमीन मागें ढकलीत पुढें जातें,' असें सूनबाईंनीं समजाविलें. चिरंजीवानें एकच अट घातली : 'अण्णा, हिच्या मागें कोणी धांवायचें नाहीं. धरायचेंहि नाहीं.' ती अट आम्हांलाच उद्देशून होती हें आम्हीं ओळखलें. त्याचें कारण पुढें येईल.

कुटुंबाची शंका वावगी नव्हती. पांगुळगाडा धरून आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या चालावयास शिकल्या. मग सायकलीसच आधार कां नको? ह्याचें उत्तर शोधतांना आम्हीं सायकलीचा इतिहास चाळला, आणि तेथें मोठी मौज आढळली. जर्मनींतील मानहाइम शहरीं १२ जून १८१७ रोजीं कार्ल ड्राइस ह्या गृहस्थानें एका लांकडी दुचाकीवरून शहराबाहेर फेरी मारिली. ती दुचाकीहि बिनपायडलाचीच होती. पायांनीं जमीन ढकलीत तासाभराच्या आंत तो जातायेतां मिळून सुमारें १३ किलोमीटर फिरून आला. पुढच्या चाकास पायडल लागलें तें १८६० नंतरच्या दशकांत, पॅरिस शहरीं. सांखळीनें मागचें चाक फिरविणारी, आज आपण ओळखतों त्या घडणीची सायकल इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली ह्यानें १८८५ सालीं पुढें आणिली. म्हणजे मनुष्य आधीं तोल शिकला. पायडल मारावयास शिकला तो चाळीस-पन्नास वर्षांनीं. मुलांच्या हातीं मात्र आपण पायडलाची गाडी आधीं देतों, आणि तोलाचें काम आधाराच्या चाकांकडे किंवा स्वतःच्या हाताकडे ठेवितों.

'तोल' हा शब्द वजन करणें ह्या अर्थाच्या संस्कृत 'तुल्' धातूपासून आला आहे. तराजूचीं पारडीं खालींवर होत होतच सम होतात. तीं हातानें धरून ठेविलीं तर वजन कळत नाहीं. सायकलीचेंहि तसेंच आहे. ती ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस हँडल किंचित् वळविलें कीं चाकें कललेल्या अंगाखालीं येतात आणि गाडी पुन्हां उभी होते. हें क्षणोक्षणीं चालूं असतें. आंतल्या कानांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकें वळलें कीं त्यांतील द्रव हालतो आणि मेंदूस वर्दी पोंचते. डोळे आणि स्नायु आपापली साक्ष देतात. परंतु गाडी कललीच नाहीं तर ह्या सर्वांना शिकावयाचें काय? आधाराचीं चाकें नेमका तो कलच काढून घेतात. पांगुळगाड्यामागें मूल निदान आपल्या पायांवर तरी उभें असतें.

आमच्या जुन्या वाड्याच्या जागीं आतां इमारत आहे. तिच्या फरसबंद आवारांत नातीचा अभ्यास सुरू झाला. पहिले आठ दिवस ती आसनावर बसलीच नाहीं. हट्टी शेळी ओढीत न्यावी तशी गाडी दोन पायांत घेऊन उभ्यानेंच चालत होती. पुढें ती बसूं लागली, पावलें लांब पडूं लागलीं. महिन्यानें धांवूं लागली. मग एके दिवशीं दोन ढांगांच्या मध्यें तिचे दोन्ही पाय क्षणभर अधांतरीं राहिले. तें तिला कळलें. ती थांबली, आपल्या पायांकडे तिनें पाहिलें, आणि पुन्हां तेंच करून पाहिलें. पस्तीस वर्षें शाळेंत घालवूनहि, विद्यार्थ्यानें स्वतःची परीक्षा स्वतः घेतलेली इतक्या जवळून आम्हीं क्वचितच पाहिली होती.

ती पडलीहि. पडल्यावर ती प्रथम गुडघ्याकडे पाहत नसे. आमच्या तोंडाकडे पाही. तेथें घाबरगुंडी दिसली तर रडे. आम्ही वर्तमानपत्रांत डोकें घालून बसलेले दिसलों तर हात झटकून उठे. वर्तमानपत्र तसेंच धरून ठेवणें हें त्या दिवसांत आमचें सर्वांत कठिण काम होतें.

आतां त्या अटीचें कारण. सुमारें तीस वर्षांपूर्वीं पुण्यांत तासावर सायकली भाड्यानें मिळत. चिरंजीव सात वर्षांचा असतांना आम्हीं तशी एक आणीत असूं, आणि महिनाभर रोज संध्याकाळीं कॅरिअर धरून मागें धांवत असूं. 'अण्णा, सोडूं नका हं!' असें तो दर दहा पावलांस म्हणे. 'सोडीत नाहीं' असें आम्ही वचन देत असूं. एके दिवशीं न सांगतां सोडिलें. तो बराच दूर उत्तम गेला. मग त्यानें मागें वळून पाहिलें. आम्ही दूर उभे दिसलों, आणि त्याच क्षणीं तो पडला. हनुवटीस तीन टांके घालावे लागले. तोल त्याला आलेला होता. गेला तो आमच्यावरील विश्वास. पुढें तो गल्लींतल्या मुलांबरोबर सायकल शिकला, पण आमच्या देखत नाहीं. दहावीनंतर त्याची शाखाहि आम्हींच ठरविली. हात केव्हां काढून घ्यावा हें आम्हांस तेथेंहि कळलें नाहीं.

ज्या घरीं दोन ते चार वर्षांचें मूल असेल त्यांनीं एवढें पाहावें. आसनावर बसल्यावर मुलाचे दोन्ही तळपाय जमिनीस पुरते टेकले पाहिजेत. गाडी त्याला स्वतः उचलतां येईल इतकी हलकी असावी. डोक्यास हेल्मेट आणि पायांत बूट असावेत, कारण ह्या गाडीस पाय हाच पहिला ब्रेक होय. जागा सपाट आणि रहदारीपासून दूर असावी. इतकी तजवीज करणें हें वडील माणसांचें काम, त्यापुढचें मुलाचें.

परवां संध्याकाळीं नात आवाराच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पाय वर घेऊन गेली. जिन्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या आमच्या कुटुंबाचा हात आपोआप पुढें झाला, आणि तिनें तो तसाच मागें घेतला. नातीनें मागें वळून पाहिलें नाहीं. मागें कोणी असावें लागतें हेंच तिला ठाऊक नव्हतें. चिरंजीव शेजारीं उभा होता. इतक्या वर्षांनीं आम्ही म्हणालों, 'तेव्हां तुला सांगून सोडावयास हवें होतें.' त्याचीं बोटें हनुवटीकडे गेलीं. 'पण महिनाभर धांवलांत, अण्णा,' तो म्हणाला, 'तें कांहीं मी विसरलों नाहीं.' तेवढ्यांत गाडी वळून आमच्याच दिशेनें येऊं लागली, आणि आम्ही दोघेहि वाट सोडून बाजूस झालों.